ऐंशीचं लॉक काढू नका, गाडी अर्धा तास आधी भरा



मागच्या आठवड्यात तीन सभासदांनी एकच प्रश्न विचारला. "पिकअप ऐंशीच्या पुढं जात नाही. गॅरेजवाला म्हणतो लॅपटॉप लावून लॉक काढून देतो. काढू का?" तिघांनाही फोनवर नाही म्हणून सांगितलं, पण कारण सांगायला वेळ झाला नाही. कांद्याच्या गाड्या सोलापूरला चालू आहेत, म्हणून आज सगळ्यांसाठीच लिहितो. मेसेज मोठा आहे, दुपारी सावलीत बसून वाचा.

आधी हे समजून घ्या की गाडीत दोन वेगळी लॉकं आहेत. एक सरकारी. १ ऑक्टोबर २०१५ नंतर बनलेल्या मालवाहू गाडीला ८० किलोमीटरवर थांबणारा स्पीड गव्हर्नर सक्तीचा आहे. डंपर, टँकर आणि शाळेच्या बसला ६०. दुसरं लॉक इंजिनाचं स्वतःचं, आणि ते सरकार नसतं तरी राहिलंच असतं. बोलेरो पिकअपचं २५२३ सीसीचं इंजिन घ्या. त्याची पूर्ण ताकद ३२०० आरपीएमला येते, म्हणजे मिनिटाला ३२०० फेऱ्या. पेट्रोलची कार सहा हजारापर्यंत ओरडते, मग डिझेल का नाही? कारण डिझेलमध्ये ठिणगी नसते. हवा दाबून दाबून तापवायची, त्यात डिझेल फवारायचं, आणि ते पेटून जळायला थोडा वेळ लागतो. फेऱ्या फार वाढल्या की तेवढा वेळच उरत नाही. शिवाय हा दाब सोसायला पिस्टन, कनेक्टिंग रॉड सगळं जड करावं लागतं, आणि जड वस्तू वेगानं वरखाली फेकली की ती तुटायला बघते.

आपल्याला हे नवीन नाही. विहिरीवरचं जुनं किर्लोस्करचं १५०० फेऱ्यांचं इंजिन आठवा. फूटव्हॉल्व्ह गळून पाणी सुटलं की पंपावरचा भार जायचा, इंजिन एकदम उठायचं आणि लगेच आपोआप खाली बसायचं. तो गव्हर्नर. फिरणारी वजनं बाहेर फेकली जायची आणि डिझेलची दांडी मागं ओढायची. आज पिकअपमध्ये तेच काम कॉम्प्युटर करतो. लॅपटॉपवाला हात घालतो तो तिथंच.

आता हिशोब. ८० चे १०० केले तर त्याच गिअरमध्ये इंजिनाच्या फेऱ्या सव्वापट होतात. पण रॉडवरचा ताण वेगाच्या वर्गानं वाढतो. पावकी-सव्वायकी पाठ असलेल्या जुन्या माणसांना सांगावं लागणार नाही, सव्वा सव्वा म्हणजे दीडपटीच्याही वर, १.५६. ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला लागणारं अंतरही तेवढंच वाढतं. ताडपत्री बांधलेल्या उंच गाडीला हवेचा अडथळाही तेवढाच वाढतो, म्हणजे डिझेल.

एवढं करून मिळतं काय? पालीहून सोलापूर, वाटेत मांजरसुंबा, येडशी, तुळजापूरचे घाट, गावं, टोल. सलग मोकळा रस्ता १०० किलोमीटर मिळाला असं धरू. ८० नं ७५ मिनिटं, १०० नं ६० मिनिटं. पंधरा मिनिटं! आपल्या संकलन केंद्रावर गोण्या मोजताना चहाला जातात ती यापेक्षा जास्त असतात. आणि यात चूक सभासदांची कमी, आपली कंपनीची जास्त आहे हे मी मान्य करतो. काटा उशिरा चालू होतो, गाडी रात्री उशिरा सुटते, आणि सकाळच्या लिलावाचं टेन्शन ड्रायव्हरच्या पायात उतरतं. त्यावर इलाज काट्यापाशी आहे, लॅपटॉपमध्ये नाही.

काही जण म्हणतील, ओव्हरटेक करताना ८० ला गाडी अडकते, मागून बस अंगावर येते. खरं आहे, मलाही तो प्रसंग आलाय. पण दुभाजक नसलेल्या रस्त्यावर मालवाहू गाडीला मर्यादाच ६० ची आहे, चौपदरीला ८०. आणि बदल पकडला गेला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ प्रमाणे मालकाला बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अपघात झाला तर विमा कंपनीला बोट दाखवायला आयती जागा मिळते ती वेगळीच.

आता मला खरी काळजी आहे त्या गोष्टीवर येतो. मांजरसुंब्याहून पालीकडं घाट उतरताना.

गव्हर्नर फक्त डिझेल तोडू शकतो. उतारावर गाडीच इंजिनाला फिरवते, तिथं डिझेल तोडून काही होत नाही. चौथ्यात ६० नं उतरताना घाबरून एकदम दुसरा टाकला तर इंजिनाच्या फेऱ्या दुपटीच्या आसपास जातात, आणि कोणतंच लॉक त्यांना थांबवू शकत नाही. व्हॉल्व्ह पिस्टनला टेकतात, रॉड वाकतो. म्हणून गिअर घाट लागायच्या आधी कमी करा, उतारावर मधेच नाही. ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुन्या ड्रायव्हरांचा ठोकताळा आजही चालतो.

आणि न्यूट्रल! आपल्याकडं लई जण घाटात न्यूट्रल टाकतात, डिझेल वाचतं म्हणून. उलटं आहे. कॉमन रेल गाडी गिअरमध्ये, पाय ॲक्सिलरेटरवरून काढून उतरत असेल तर कॉम्प्युटर डिझेल पूर्ण बंद करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळत राहतं. वर सगळं ओझं ब्रेकवर. मागं ड्रम ब्रेक, गाडीत खत नाहीतर सिमेंट भरलेलं, ड्रम तापले की पेडल दाबूनही गाडी धरत नाही. चावी बंद करून उतरणारेही आहेत. त्यांना एवढंच सांगतो की इंजिन बंद असताना ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत दोन-तीन दाबांत संपते आणि स्टिअरिंगही जड होतं.

चढताना उलट चूक होते. वरच्या गिअरमध्ये रेटत नेतात, इंजिन धडधडतं. या इंजिनाची ओढ १४०० ते २२०० फेऱ्यांत सगळ्यात चांगली असते. आरपीएमचा काटा असेल तर तो बघा, नसेल तर कान आहेत. घाट चढून धाब्यावर थांबलात की लगेच चावी बंद करू नका, मिनिटभर इंजिन तसंच चालू द्या. टर्बो तापलेला असतो, ऑइल थांबलं की त्याचं बेअरिंग जातं.

पासिंग १.७ टनाचं असेल तर पन्नास किलोच्या ३४ गोण्या होतात. पन्नास भरून वर लॉक काढायचं म्हणणाऱ्याला मी काय सांगू?

सोमवारपासून काटा दुपारी ४ ला चालू होईल, असं मी संचालक मंडळाकडून वदवून घेतलंय. ज्यांचा माल सोलापूरला जायचा आहे त्यांनी ३ पर्यंत गोण्या शिवून आणाव्यात. कुणी आधीच लॉक काढलं असेल तर न लाजता याच नंबरवर आवाज पाठवा, पुन्हा पूर्ववत कुठं करून मिळेल ते सांगतो.