कानांचे सोवळे

जाझ म्हणजे धांगडधिंगा, हे मत मी जन्मभर ऐकत आलो आहे. गंमत अशी, की ज्यांनी ज्यांनी ते मला ऐकवले, त्यांतल्या एकानेही जाझची एक तबकडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलेली नव्हती. आम्ही मराठी माणसे स्वतःला कानसेन म्हणवतो. खुशाल म्हणवून घ्यावे! पण या कानांना सोवळे आहे, आणि तेही सोयीचे सोवळे आहे, असा माझा उघड आरोप आहे.

आमच्या गिरगावच्या चाळीत जिन्याशेजारच्या खोलीत बारदेशचे एक ख्रिस्ती वादक राहत. रोज सकाळी खिडकी लावून, ट्रंपेटच्या तोंडात बोळा कोंबून ते रियाज करीत. चाळीला तेवढाही आवाज खपेना. ‘मास्तर, ती पिपाणी आवरा,’ असा निरोप घेऊन माझे वडीलच त्यांच्याकडे गेले होते. त्याच वर्षी गणपतीत एका चित्रपटातले उडत्या चालीचे गाणे दिवसातून दहा वेळा लागे आणि सगळी पोरे त्यावर नाचत. मास्तर जिन्यात उभे होते. ते हळूच म्हणाले, ‘भाऊसाहेब, यातला ट्रंपेट माझा.’ वडिलांनी तबकडी हातात घेऊन पाहिली. गायिका होती, संगीतकार होता, चित्रपटाचे नाव होते. मास्तर नव्हते. वडिलांना त्यांचे म्हणणे खरे वाटले नसावे.

हे एकट्या मास्तरांचे गाऱ्हाणे नाही. १९५१ चा ‘अलबेला’ घ्या. संगीत पुणतांब्याच्या चितळकरांचे, नाच भगवानदादांचा, म्हणून तो आम्ही घरचा मानला. पण त्या संगीतात ज्याचा ट्रंपेट खेळतो तो चिक चॉकलेट, म्हणजे हळदोण्याचा आंतोनियो वाझ, मुंबईच्या हॉटेलांतून आर्मस्ट्राँगच्या वळणाचे जाझ वाजवणारा माणूस होता. अँथनी गोन्साल्विस हे नाव तर आमच्या पोराबाळांना १९७७ च्या एका गाण्यातले विनोदी पात्र म्हणूनच ठाऊक! तो हाडामांसाचा माणूस होता, माजोर्ड्याचा व्हायोलिनवादक, संगीतकार प्यारेलाल यांचा गुरू, हे कोणी सांगायचे?

‘पण ते परकीय हो!’ असे यावर उत्तर येते. मग फ्रान्समध्ये जन्मलेली पेटी कोणत्या गोत्रातली? १९४० साली आकाशवाणीने ती परकी म्हणून बाहेर काढली, तेव्हा आम्हीच हळहळलो. गंधर्वांच्या रंगमंचावरचा ऑर्गन काय पंढरपुराहून आला होता? आणि रीतीचे म्हणाल, तर ब्लूजचे बारा खंडांचे आवर्तन फिरत राहते, प्रत्येक वादक पाळीपाळीने त्यात स्वतःची उपज करतो आणि पुन्हा मुखड्यावर येतो. समेवर मान हलवणाऱ्याला हे समजायला अडचण कोणती? अडचण कानाची नाही. अडचण हॉटेलाची, नाचाची आणि बाटलीची आहे. आणि तवायफांच्या ठुमऱ्या पवित्र करून घेताना आम्हाला तीही आली नव्हती.

तेव्हा शोधा म्हणतो त्या तबकड्या अशा. १९३५ साली लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन आपला वाद्यवृंद घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्यांच्यातल्या क्रिकेट स्मिथने (नाव खरेच तसे आहे, खेळाशी संबंध नाही) १९३६ साली मुंबईतच तबकड्या भरल्या. एकीवर मेना सायलस या मुंबईकर यहुदी संगीतकाराचा ‘ताजमहाल’ नावाचा फॉक्सट्रॉट आहे. टेडी वेदरफर्ड या पियानोवादकाने १९२६ साली शिकागोत आर्मस्ट्राँगच्या साथीने मुद्रण केले होते. तोच पुढे कलकत्त्यात स्थायिक झाला, १९४१ पासून तिथे तबकड्या भरू लागला आणि १९४५ साली तिथेच कॉलऱ्याने वारला. या सगळ्या तबकड्या थोर आहेत असे मी म्हणत नाही. पुष्कळ तर तीन मिनिटांचे नाचाचे संगीत आहे. पण ज्या गाण्यांवर आमचे तारुण्य गेले, त्यांचे मूळ तिथे सापडते.

मास्तर गावी परतले तेव्हा त्या १९३६ च्या तबकड्यांपैकी एक वडिलांना देऊन गेले. आमच्याकडे ती कोणी वाजवली नाही. वडील गेल्यावर एका दिवाळीच्या सफाईत मीच ती पोत्यात घालून भंगारात दिली. २०१२ साली नरेश फर्नांडिस यांचे ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ हे इंग्रजी पुस्तक आले. ते वाचताना क्रिकेट स्मिथचे नाव पाहिले आणि ते लेबल डोळ्यांपुढे आले. सोवळ्याचा आरोप करणारा हा असा आहे.

आणखी एक. १९६८ साली शंकर-जयकिशन यांनी ‘राग जाझ स्टाइल’ काढली. अकरा राग, सतारीवर रईस खान, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रंपेटवर जॉन परेरा, ड्रमवर लेस्ली गुदिन्हो. रागदारीवाल्यांनी ती थिल्लर ठरवली, जाझवाल्यांनी सिनेमावाल्यांचे काम म्हणून नाक मुरडले. काही तुकडे खरोखरच घाईने गुंडाळले आहेत. रागाला पाय पसरायला जागाच दिलेली नाही. तरी तोडी एकदा ऐका. सतारीने बोललेले पितळी वाद्य उचलते, तेव्हा ते नक्कल करीत नाही, उलट उत्तर देते.

आणि कोकणी ही आमचीच बोली म्हणून ज्यांनी सभा गाजवल्या, त्यांच्यापैकी किती जणांच्या घरी क्रिस पेरी आणि लॉर्ना यांची एक तरी तबकडी होती? मी विचारून पाहिले आहे. उत्तरादाखल बहुधा चहा येतो.

माझा जुना बाजा अजून चालतो; सुया मिळतात. यंदाच्या सफाईत तुमच्या माळ्यावर असले काही निघाले, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी मला कळवा. मी स्वतः येऊन घेऊन जाईन. लाखेच्या असतात, पिशवीत घालून पाठवू नका.