जिवाणूंच्या अटी

पावसाळ्याच्या तोंडावर गोव्याच्या किनाऱ्यावर अनवाणी चालले की तळपायाला काळे, चिकट काहीतरी लागते. साबणाने ते निघत नाही. खोबरेल नाहीतर रॉकेल चोळावे लागते. हे टारबॉल. जहाजांतून सांडलेल्या, कधी मुद्दाम सोडून दिलेल्या तेलाचे हे उरलेसुरले गोळे पावसाळी वारे किनाऱ्याला आणून टाकतात. एखादा गोळा काडीने फोडून पाहावा. वरचे कवच टणक, वाळूने माखलेले. आतला भाग मात्र मऊ आणि अजून तेलकट वासाचा. समुद्रातले जिवाणू तेल खातात असे आपण शाळेपासून ऐकतो. मग हा घास त्यांनी का टाकला?

टाकला असे म्हणणेही पूर्ण खरे नाही. खनिज तेल म्हणजे हजारो हायड्रोकार्बनांची खिचडी. त्यातला हलका भाग उन्हावाऱ्यात उडून जातो. सरळ साखळीचे रेणू जिवाणूंना सर्वांत आवडते. त्यांचे विकर साखळीच्या टोकाला प्राणवायूचा अणू बसवते, रेणूचे मेदाम्ल होते, आणि तिथून पुढे आपले शरीर तूप पचवते त्याच रीतीने दोन-दोन कार्बनचे तुकडे पडत जातात. शेवटी उरतात कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि नवे जिवाणू. वलयाकार रेणू फोडायला वेळ लागतो. रस्त्यावरच्या डांबरातल्या अस्फाल्टीनला तर बहुतेक कोणी तोंड लावत नाही. त्यातून तेल पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे जिवाणूला फक्त थेंबाच्या पृष्ठभागावरच बसता येते. थेंब बारीक असेल तर पंगत मोठी. गोळ्याच्या पोटात मात्र ना प्राणवायू पोचतो, ना जिवाणू.

या खाण्याच्या अटी जगाला नीट कळल्या त्या अलास्कात. 24 मार्च 1989 रोजी ‘एक्झॉन व्हाल्डेझ’ हे तेलवाहू जहाज प्रिन्स विल्यम साउंडमध्ये खडकावर चढले आणि सुमारे 37 हजार टन कच्चे तेल पसरले. तेल खाणारे जिवाणू त्या थंड पाण्यात आधीपासूनच होते. कार्बनची तर आता रेलचेल झाली होती. कमतरता होती नायट्रोजन आणि फॉस्फरसची. पेशी बांधायला तीही लागतात. म्हणून शास्त्रज्ञांनी किनाऱ्याच्या गोट्यांवर चक्क खत टाकले. दोनेक आठवड्यांत खत टाकलेले चौकोन आजूबाजूच्या काळ्या गोट्यांत पांढरे उठून दिसू लागले. पुढे बाजारातले तयार जिवाणूही आजमावले गेले, पण त्यांचा खतापेक्षा वेगळा असा फायदा दिसला नाही. आणि गोट्यांच्या थराखाली दबलेले तेल दहा वर्षे उलटल्यावरही तिथेच सापडले, कारण तिथे प्राणवायू पोचत नव्हता.

याच विषयातला आपल्याकडे अभिमानाने सांगितला जाणारा अध्याय आनंदमोहन चक्रवर्तींचा. अमेरिकेत ‘जनरल इलेक्ट्रिक’मध्ये असताना या बंगाली शास्त्रज्ञाने एकाच स्यूडोमोनास जिवाणूत चार प्लास्मिडे (जनुके वाहणारी डीएनएची सुटी वर्तुळे) एकत्र आणली: कापूर, ऑक्टेन, सॅलिसिलेट आणि नॅप्थलीन पचवणारी. (कपाटातल्या डांबरगोळ्या त्या नॅप्थलीनच्याच.) 1972 मध्ये त्यांनी पेटंट मागितले. सजीवावर पेटंट देता येईल का, हा वाद तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1980 मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल त्यांच्या बाजूने लागला. जैवतंत्रज्ञानाच्या उद्योगाला त्यातून बळ मिळाले. समुद्र साफ करायला मात्र तो जिवाणू कधी उतरला नाही. प्रयोगशाळेतल्या पैलवानाला समुद्रातल्या स्थानिकांच्या आखाड्यात टिकणे सोपे नसते.

हवा दिली की काम झाले, असाही सरसकट नियम नाही. यंत्रांचे ग्रीस धुणारे ट्रायक्लोरोइथिलीन भूजलात मुरले की त्यातले क्लोरीन काढून टाकण्यात तरबेज असलेला डिहॅलोकॉकॉइडिस हा जिवाणू प्राणवायू नसतानाच काम करतो. शिवाय त्याचे काम अर्धवट राहिले तर मागे व्हायनिल क्लोराइड उरते. ते मूळ विषापेक्षाही घातक कर्करोगकारक आहे. ‘विघटन झाले’ एवढ्यावर म्हणूनच समाधान मानता येत नाही. विघटन कशात झाले, हेही विचारावे लागते.

आपल्या शहरांचा प्रश्न याहून सोपा आहे आणि तरी तो सुटत नाही. सोसायटीच्या आवारातल्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात चालते ती पद्धत 1914 मध्ये मँचेस्टरात आर्डर्न आणि लॉकेट यांनी मांडली. टाकीत हवा सोडायची, जिवाणूंचा गाळ जोपासायचा आणि तोच पुन्हा वापरायचा. निरोगी गाळ तपकिरी असतो, त्याला ओल्या मातीचा वास येतो. आमच्या ओळखीच्या एका सोसायटीत विजेचे बिल वाचवायला रात्री हवा सोडणारे ब्लोअर बंद ठेवत. सकाळी टाकी काळी आणि सडक्या अंड्यांचा वास थेट दुसऱ्या मजल्यापर्यंत. समितीने त्यावर काढलेला तोडगा म्हणजे दर महिन्याला ‘कल्चर’ची पाकिटे. जिवाणू गुदमरत होते, आणि त्यांच्या मदतीला आणखी जिवाणू पाठवले जात होते! नवी टाकी सुरू करताना किंवा ॲसिडने गाळ मेला असेल तर बाहेरून जिवाणू आणावेत. तेव्हाही शेजारच्या चालत्या केंद्रातला बादलीभर गाळ पाकिटापेक्षा बरा.

नाल्यात जिवाणूंचे द्रावण सोडणे ही याच समजुतीची मोठी आवृत्ती. वाहत्या नाल्यात सोडलेला जिवाणू जेवायला बसण्याआधीच खाडीत पोचतो. तो थांबेल अशी जागा, त्याला मिळेल अशी हवा आणि आधीच कमी झालेली घाण, यावर खर्च झाला तर तिथले जिवाणू फुकट राबतील. मोजमापही सोपे आहे. बीओडी हा आकडा म्हणजे जिवाणूंच्या जेवणाचे प्राणवायूत मांडलेले बिलच; आपल्याकडे तो 27 अंशांवर तीन दिवस ठेवलेल्या नमुन्यात मोजतात. कंत्राटदाराला पैसे द्यायचे ते किती लिटर द्रावण ओतले यावर नव्हे, तर नाल्याच्या वरच्या आणि खालच्या टोकाच्या बीओडीत किती फरक पडला यावर द्यावेत, आणि ते नमुने त्याच्या माणसांनी घेऊ नयेत.