पिंजरा नंतर, पाखरे आधी

बेंगळुरूच्या जुन्या किल्ल्याजवळची चामराजपेट १८९२ मध्ये वसली. चामराजेंद्र वडियारांचे नाव घेऊन आलेली ही वस्ती जुन्या पेठांच्या दाटीबाहेर सरळ रस्ते आखून उभी राहिली. त्यातल्या कितीतरी बैठ्या घरांच्या जागी आता तीन-चार मजले चढले आहेत. परस गेले आणि गच्ची आली. गच्चीचा एक कोपरा जाळीने बंद करून त्यात पाखरे सोडण्याची हौस मग घरात कुणाला तरी होतेच. सुताराला बोलावले जाते, जाळी येते, रंग लागतो आणि रविवारी सगळे कुटुंब बाजारात जाऊन जे डोळ्यांत भरेल ते उचलून आणते. महिन्याभरात निम्मी पाखरे मेलेली असतात आणि मुले रडत असतात. दोष जाळीचा नसतो. कोणत्या पाखरांसाठी हे घर बांधायचे, हेच आधी ठरलेले नसते.

पहिली निवड कायद्याने करून ठेवली आहे. आजोबांच्या काळी ओसरीवर राघूचा पिंजरा टांगलेला असे आणि ‘विठू विठू’ म्हणायला शिकवणे हा पोरांचा उद्योग असे. आज तो राघू पाळणे गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. रानातल्या देशी पक्ष्यांचा व्यापार १९९० पासून जवळजवळ पूर्ण बंद झाला. राघू, मैना, मुनिया, कोकिळा यांतले काहीही घरात ठेवता येत नाही. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘घरातच वाढलाय, साहेब’ हे दुकानदाराचे वाक्य तिथे उपयोगी पडत नाही. मुनियांना हिरवा-पिवळा रंग फासून त्या परदेशी म्हणून विकण्याची लबाडीही जुनीच आहे. पंख ओल्या बोटाने चोळून पाहावा, रंग सुटला तर तिथून निघून यावे.

परदेशी पक्ष्यांनाही आता नियम आहेत. १९७२ च्या कायद्यातली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि २०२४ मध्ये नोंदणीचे नियम आले. मकाव, काकाकुवा, आफ्रिकन ग्रे हे पोपट घरी असतील तर सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर त्यांची नोंद करावी लागते. दिसायला साधी असलेली जावा चिमणीसुद्धा आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या यादीत आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. बजरीगर, कॉकाटील आणि पीच रंगाच्या तोंडाचा लव्हबर्ड हे त्या यादीतून वगळलेले आहेत. आफ्रिकन ग्रे चाळीस-पन्नास वर्षे जगतो, हा मुद्दा तर कायद्याहूनही मोठा आहे. चाळिशीच्या गृहस्थाने तो आणला तर पुढे त्याला कोण सांभाळणार, हे मुलांना विचारूनच आणावा.

आता नावांचा घोटाळा. आपल्याकडे बाजारात ‘लव्हबर्ड’ म्हणून जे देतात ते बहुतेक वेळा बजरीगर असतात. खरा लव्हबर्ड आफ्रिकेचा, आखूड शेपटीचा, जाड चोचीचा आणि नाव प्रेमाचे असले तरी स्वभावाने भांडखोर. जोडीपुरता तो गोड असतो, शेजाऱ्याचे पाय मात्र तोडतो. बजरीगर ऑस्ट्रेलियाचा. तो सडपातळ, लांब शेपटीचा, दिवसभर कुजबुजणारा. एकत्र कुटुंबात रमणारा पक्षी हवा असेल तर हाच. नराच्या चोचीवरचा मांसल भाग बहुधा निळा आणि मादीचा तपकिरी असतो. घेताना जोड्या जुळवूनच घ्याव्यात. एकही मादी जास्त झाली की अंड्यांच्या मडक्यावरून रक्तपात होतो.

बजरीगर घेतले की त्याच जाळीत फिंच घेऊ नयेत. ही चूक सर्रास होते, कारण दोघेही छोटे, दोघेही दाणे खाणारे, दोघेही ऑस्ट्रेलियाचे. पण झेब्रा फिंच म्हणजे बारा-तेरा ग्रॅमचा जीव. बजरीगर गंमत म्हणून त्याचा पाय चोचीत धरतो आणि पाय जातो. म्हणून चामराजपेटेतल्या सहा फूट लांब, तीन फूट रुंद कोपऱ्यासाठी दोनच घरे शोभतात: बजरीगरांचे किंवा फिंचांचे.

शेजार जवळ असेल आणि घरात म्हातारी माणसे किंवा तान्हे मूल असेल, तर फिंच बरे. त्यांचा आवाज जत्रेतल्या पत्र्याच्या पिपाणीसारखा असतो, भिंतीपलीकडे जात नाही. झेब्रा फिंचच्या तीन जोड्या, त्यांच्याबरोबर बंगाली फिंचच्या दोन. नाव बंगाली असले तरी हा पक्षी जपानात पिढ्यान्‌पिढ्या पाळून तयार झाला. तो इतका शांत असतो की दुसऱ्याची अंडीही उबवतो. खाली जमिनीवर सांडलेले दाणे टिपायला डायमंड डव्हची एक जोडी सोडावी. ती कुणाच्या वाटेला जात नाही. रंगीबेरंगी गोल्डियन फिंच पाहून मन वळेल, पण तो नाजूक असतो आणि पहिल्याच वर्षी घेऊ नये. झेब्रा फिंचला घरटे दिले की तो थांबत नाही, वर्षभर अंडी घालतो आणि मादी खंगते. दोन विणी झाल्या की घरटे काढून घ्यावे.

कॉकाटील हा लाडका पाहुणा. शीळ घालतो, अंगावर बसतो, पंधरा-वीस वर्षे जगतो. पण त्याच्या पिसांतून पांढरी भुकटी सतत झडते. घरात दम्याचे माणूस असेल तर तो नकोच. एकंदरीत पक्ष्यांची पिसे आणि वाळलेली विष्ठा यांची धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेली तर फुप्फुसाचा कायमचा आजार होऊ शकतो. त्यामुळे जाळी झोपायच्या खोलीला लागून नसावी आणि साफसफाई पाणी शिंपडून, नाक झाकून करावी.

‘सगळ्यांची एकेक जोडी’ हा मोह आवरता येत नाही, हे खरे. मैसूरच्या दत्तपीठातल्या शुकवनाच्या नावावर २०१७ मध्ये गिनीज बुकात एकाच संग्रहात ४६८ जातींच्या पक्ष्यांची नोंद झाली. पण तिथे मोठी जागा आहे, माणसे आहेत. घरातल्या गृहिणीला सकाळचा डबा भरून शाळेची रिक्षा गाठायची असते, आणि पाखरांचे पाणी शेवटी तिलाच बदलावे लागते. म्हणून संख्या तिला विचारून ठरवावी.

बेंगळुरूची हवा या पाखरांना मानवते, पण डिसेंबरची पहाट आणि वाऱ्याबरोबर येणारा पाऊस मानवत नाही. तीन बाजू जाळीच्या असल्या तरी एक बाजू आणि अर्धे छप्पर बंदच हवे. पाखरू आडवे उडते, तेव्हा उंचीपेक्षा लांबी वाढवावी. जाळीचे भोक अर्ध्या इंचाहून मोठे नको, नाहीतर उंदीर येतात आणि उंदरांमागे साप येतो. नवी जस्ताची जाळी व्हिनेगरच्या पाण्याने घासून उन्हात वाळवावी. जस्त चाटून पाखरे मरतात. दाराला दुसरे दार असावे, एक उघडले की दुसरे बंद.

खाण्याची काळजी फार नाही. राळे, ज्याला तिथे नवणे म्हणतात, आणि बारीक बजरी. आठवड्यातून दोनदा धुतलेली कोथिंबीर किंवा पालक, आणि कॅल्शियमसाठी जाळीला बांधलेला समुद्रफेण. स्वयंपाकघर जवळ असेल तर नॉनस्टिक तवा रिकामा तापू देऊ नये. त्याच्या धुराने पाखरे काही मिनिटांत मरतात.

शिवाजीनगरला किंवा इतर कुठे खरेदीला जाल तेव्हा संध्याकाळी जाऊ नये, दुपारच्या आधी जावे. दिवसाउजेडी आजारी पाखरू ओळखू येते: पिसे फुगवून बसलेले, शेपूट श्वासाबरोबर हलणारे, बुडाशी ओले. तशी पाखरे ज्या पिंजऱ्यात असतील त्यातले निरोगी दिसणारेही घेऊ नये. आणलेली पाखरे महिनाभर वेगळ्या पिंजऱ्यात, वेगळ्या खोलीत ठेवावीत, त्यांचे पाणी जुन्यांच्या नंतर बदलावे आणि हात धुऊनच पुन्हा जाळीकडे जावे.