लिलावातला माल आणि नावे वगळण्याची युक्ती

आमच्या गल्लीत एक मुलगा आयटीआय करून दुरुस्तीचे दुकान चालवितो. दुकान कसले, जिन्याखालची जागा. पण हात चांगला आहे. मागल्या पावसाळ्यात त्याच्याकडे एका मंडपवाल्याचा जुना अॅम्प्लिफायर आला. आतला एसटीके-४१९१ हा आयसी गेलेला. लॅमिंग्टन रोडच्या दोन फेऱ्या फुकट गेल्या, तेव्हा त्याने परदेशी लिलावाच्या एका साइटवरून स्वस्तातले दोन नग मागविले. एक बसविला. अर्धा तास आवाज झकास, आणि मग आयसी उडाला तो स्पीकरची कॉइल जाळूनच. स्पीकर भरून द्यावा लागला. आईने बचत गटातून पैसे उचलले.

"काका, आता त्या साइटचे नाव काढायचे नाही," असे तो आम्हाला म्हणाला. आम्ही म्हटले, अरे, बाजार सोडून तुझा धंदा कसा चालेल? मग दोन संध्याकाळी त्याच्याबरोबर बसलो. त्यातून जे हाती आले ते येथे लिहितो. आपल्या घरोघरची मुले या कामात आहेत, त्यांच्या उपयोगी पडेल.

आधी मालाची गोष्ट. हा आयसी मूळ जपानच्या सान्यो कंपनीचा. तिचा सेमीकंडक्टरचा धंदा २०११ साली अमेरिकेच्या ऑन सेमीकंडक्टरने घेतला, आणि या जातीचा जुना माल आता निघत नाही. तेव्हा कोणी 'नवा, अस्सल, हवे तितके नग' असे लिहीत असेल तर त्याला आधी बाजूला ठेवावे. 'जुन्या सेटमधून काढलेला, एकच नग' म्हणणारा बहुधा खरे बोलत असतो.

पण तो सापडायचा कसा? ईबेवर हा नंबर टाकला की तोच तो फोटो, तोच तो विक्रेता पानामागून पान भरून येतो. काही जण मथळ्यात ४१४१, ४१५१, ४१७१ असे सगळे नंबर कोंबतात, म्हणजे कोणीही काहीही शोधले तरी यांचाच माल पुढे. किंमत एक डॉलर दिसते. उघडून पाहावे तर एक डॉलर स्क्रूचा, आयसीचा भाव खालच्या यादीत. दुसरे कोणी माल जवळच्या देशात आहे असे लिहितात आणि पोहोचण्याची तारीख दीड महिन्याची देतात! ती तारीख आधी वाचावी.

यावर दोन उपाय आहेत. पहिला वजाच्या चिन्हाचा. शोधाच्या चौकटीत नको असलेल्या शब्दाला आधी वजाचे चिन्ह जोडावे. चिन्हाच्या अलीकडे जागा सोडावी, पलीकडे सोडू नये. शब्द पुष्कळ असतील तर ते स्वल्पविराम देऊन एका कंसात घालावे आणि कंसाआधी एकच वजा द्यावा. आम्ही ४१४१ आणि ४१५१ वजा केले, तशी नंबर कोंबणाऱ्यांची गर्दी एका झटक्यात गेली. मात्र हात आखडता ठेवावा. 'बोर्ड' हा शब्द वजा केला, तर बोर्डासकट आयसी विकणारा प्रामाणिक माणूसही जातो. आमचा तसा एक गेला होता.

दुसरा उपाय 'अॅडव्हान्स्ड सर्च'च्या पानावर आहे. तेथे विक्रेत्यांचा रकाना आहे. त्यात नावे लिहून 'वगळा' म्हटले की त्या शोधात त्यांचा माल दिसत नाही. आलेल्या पानाची ब्राउझरमध्ये खूण करून ठेवावी, दर वेळी नावे लिहिण्याचा त्रास वाचतो. मुलाने आता वहीच केली आहे, एका बाजूला वगळायची नावे, दुसऱ्या बाजूला भरवशाची.

गंमत अशी की, हा बाजार १९९५ साली कॅलिफोर्नियात सुरू झाला तेव्हा पहिली वस्तू विकली गेली ती एक मोडका लेसर पॉइंटर, १४.८३ डॉलरला. मोडका आहे असे सांगून विकला होता. असो.

चाळून चाळून शेवटी सात नग उरले. त्यातल्या एकाने आयसीच्या दोन्ही बाजूंचे स्वतः काढलेले फोटो दिले होते, पायांवर जुने डाग दिसत होते. मुलाने त्याला विचारले, कोणत्या सेटमधून काढला? दुसऱ्या दिवशी सेटच्या नावासकट उत्तर आले. पैसे भरण्यापूर्वी टपालखर्च आणि कस्टम धरून हिशेब केला. महाग पडला, पण एका स्पीकरपेक्षा स्वस्त.

पार्सल आले त्या दिवशीच त्याने सिरीज दिवा लावून, स्पीकर न जोडता आयसी तपासला. माल वर्णनाप्रमाणे नसेल तर ईबेवर पोहोचल्यापासून ३० दिवसांत तक्रार करावी लागते. पार्सल फळीवर ठेवून दिले तर ते दिवस जातात. मंडपवाला परवा अॅम्प्लिफायर घेऊन गेला. बचत गटाचे दोन हप्ते अजून बाकी आहेत.