पॅच टाकला, खोट तशीच

‘पॅच टाकला, विषय संपला’ हे वाक्य मला घातक वाटतं. का, ते एका जुन्या प्रकरणातून सांगतो.

२८ डिसेंबर २०११ रोजी बर्लिनच्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेसमध्ये अलेक्झांडर क्लिंक आणि यूलियान वेल्डे यांनी दाखवून दिलं, की पीएचपी, जावा, पायथन, एएसपी डॉट नेटवर चालणारा सर्व्हर नुसता एक फॉर्म पाठवून गुदमरवता येतो. फॉर्ममधल्या रकान्यांची नावं सर्व्हर हॅश टेबलमध्ये ठेवतो. टपाल कचेरीतल्या कप्प्यांसारखंच: नावावरून आकडा काढायचा, त्या आकड्याच्या कप्प्यात टाकायचं. पीएचपीचा हिशेब सोपा होता. हातातल्या आकड्याला ३३ने गुणा, पुढच्या अक्षराचा क्रमांक मिळवा. कॅपिटल ‘ई’चा क्रमांक ६९, स्मॉल ‘झेड’चा १२२, बेरीज येते २३९९. कॅपिटल ‘एफ’ ७०, कॅपिटल ‘वाय’ ८९, पुन्हा २३९९! या दोन जोड्या उलटसुलट करून सोळा वेळा मांडल्या की ६५,५३६ वेगळी नावं तयार होतात, आणि सगळी एकाच कप्प्यात जाऊन पडतात. नवं नाव ठेवताना आधीचं प्रत्येक तपासायचं, म्हणजे दोनशे कोटींच्या वर तुलना. आणि हे सगळं जेमतेम सव्वादोन एमबीच्या फॉर्मपायी.

संताप येतो तो पुढच्या गोष्टीचा. राइस विद्यापीठाच्या क्रॉस्बी आणि वॉलक यांनी हा धोका २००३ सालीच लिहून ठेवला होता. पर्लने त्याच वर्षी हिशेबात यादृच्छिक आकडा मिसळला, त्यामुळे कोणतं नाव कुठल्या कप्प्यात जाईल हे बाहेरच्याला आधी काढता येईना. बाकीचे आठ वर्षं स्वस्थ बसले.

मग धावपळ. मायक्रोसॉफ्टने दुसऱ्याच दिवशी तातडीचा पॅच काढला. पीएचपीने जानेवारी २०१२मध्ये ५.३.९ आणलं: एका फॉर्ममध्ये हजारच रकाने, वरचे सोडून द्यायचे. दीडशे विद्यार्थ्यांचे आठ विषयांचे गुण एकाच पानावर भरणाऱ्या कॉलेजात शेवटचे पंचवीस विद्यार्थी जतनच होणार नाहीत! वर या मर्यादेच्या कोडमध्येच चूक राहिली, आणि परक्याला सर्व्हरवर स्वतःचा प्रोग्रॅम चालवायची वाट मिळाली. ती बुजवायला २ फेब्रुवारीला ५.३.१० काढावं लागलं. सर्व्हर बंद पाडणारी खोट झाकायला गेले आणि सर्व्हर ताब्यात देणारी उघडली.

तरी मर्यादेचा पॅच त्याच दिवशी टाकावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. हल्ला थोपवायचा तर वेळ लागतो, तो वेळ त्यातून मिळतो. पण तो वेळ मूळ दुरुस्तीवर खर्च व्हायला हवा. पायथनने तो केला: २०१२च्या ३.३ आवृत्तीत यादृच्छिकता कायमची सुरू केली, आणि तीही कच्ची ठरल्यावर २०१४च्या ३.४मध्ये सिपहॅश हा नवा हिशेब आणला.

म्हणून पॅच टाकणाऱ्यांना माझी विनंती आहे. सोबतची टिपणी पूर्ण वाचा. कारण काढून टाकलंय की नुसती मर्यादा घातलीय, हे त्यात कळतं. मर्यादा असेल तर आपल्याकडचा सर्वांत लांब फॉर्म त्याच संध्याकाळी भरून पाहा आणि पुढच्या पॅचची तारीख लावून ठेवा.