दूरध्वनी ऐकणाऱ्यांवर कोणाचे लक्ष?

लाचलुचपतीच्या गुन्ह्याचा छडा लावण्यासाठी नागरिकाचा दूरध्वनी चोरून ऐकण्याचा अधिकार सरकारला आहे काय, या एकाच प्रश्नाला २०२५ च्या जून-जुलैमध्ये, अवघ्या काही दिवसांच्या अंतराने, दोन उच्च न्यायालयांनी दोन परस्परविरुद्ध उत्तरे दिली. भ्रष्टाचाराचे देशाच्या अर्थव्यवस्थेवर होणारे दूरगामी परिणाम ध्यानी घेता मोठ्या रकमेच्या लाचखोरीचे प्रकरण सार्वजनिक सुरक्षिततेच्या कक्षेत येऊ शकते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटले. मद्रास उच्च न्यायालयाने याच्या नेमकी उलट भूमिका घेऊन लाचेच्या एका प्रकरणातील २०११ चा आदेशच रद्द ठरविला. मुंबई उच्च न्यायालयाने तर २०१९ मध्येच, एका व्यावसायिकाने बँक अधिकाऱ्याला लाच दिल्याच्या आरोपाचा तपास चालू असताना, दूरध्वनी ऐकण्याचे तीन आदेश बेकायदा ठरवून ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास फर्माविले होते. म्हणजे एकाच देशात, एकाच कायद्याखाली, मुंबईत बेकायदा ठरलेली गोष्ट दिल्लीत कायदेशीर ठरू शकते. या मतभेदाचा निकाल सर्वोच्च न्यायालय लावू शकेल. परंतु तो लागला तरी मूळ दुखणे बरे होईल, अशी चिन्हे नाहीत. कारण दुखणे केवळ शब्दांच्या अर्थाचे नाही.

ज्या शब्दांवरून हा खल चालला आहे, ते १८८५ च्या तार कायद्यातून आलेले आहेत. सार्वजनिक आणीबाणी उद्भवली असेल किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी आवश्यक असेल तरच सरकारला संदेश अडविता अथवा ऐकता येतील, असे त्या कायद्याचे पाचवे कलम सांगत होते. १९७२ मध्ये संसदेने त्याला नवे रूप दिले आणि देशाचे सार्वभौमत्व, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, गुन्ह्याची चिथावणी रोखणे अशी कारणे त्यात गोवली. पण आधी दार उघडले पाहिजे आणि मगच आतल्या खोल्यांचा विचार, अशी या कलमाची रचना आहे. आणीबाणी किंवा सुरक्षितता या दोहोंपैकी एक दार उघडल्याखेरीज पुढील कारणांना काही अर्थ नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये हे स्पष्ट केले आणि सार्वजनिक सुरक्षितता म्हणजे जनसमूह धोक्यापासून मुक्त असण्याची स्थिती, असा तिचा अर्थ लावला. शिवाय असा धोका कोणाही समंजस माणसाला दिसावा असा उघड असला पाहिजे, सरकारच्या मनात दडलेला नव्हे, हेही बजावले. लाच घेणे हा गंभीर गुन्हा खराच. परंतु प्रत्येक गंभीर गुन्हा जर सार्वजनिक सुरक्षिततेला धोका मानावयाचा तर हे दार सताड उघडे राहणार आणि मग ते बसविण्याचा खटाटोप तरी कशासाठी केला, असे विचारावे लागेल.

दूरध्वनी ऐकणे हे मुळातच पाप आहे, असे मात्र कोणी समजू नये. नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात ताजमहाल हॉटेल, ओबेरॉय आणि नरिमन हाऊस येथे दडून बसलेल्या दहशतवाद्यांना सीमेपलीकडून दूरध्वनीवरून सूचना दिल्या जात होत्या. मुंबई पोलिसांनी हे संभाषण प्रत्यक्ष चकमक चालू असतानाच पकडले. पुढे त्या संभाषणांच्या उताऱ्यांनी खटल्यात मोलाची कामगिरी बजावली. ऑगस्ट २०१२ मध्ये कसाबची फाशी कायम करताना सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा विस्ताराने परामर्श घेतला. कट सीमेपलीकडे शिजला आणि त्याचे सूत्रधार तेथेच बसले होते, हे जगापुढे मांडण्यास त्याहून बोलका पुरावा दुसरा नव्हता. ज्या शहराने १९९३ चे बॉम्बस्फोट, २००६ चे रेल्वेगाड्यांतील स्फोट आणि २००८ चा हल्ला सोसला, त्या शहराला सार्वजनिक सुरक्षिततेचे महत्त्व कोणी शिकवावयास नको. प्रश्न आहे तो निराळाच. कोणाचा दूरध्वनी ऐकावयाचा हे कोण ठरवितो, आणि त्याने ते बरोबर ठरविले की नाही हे कोण पाहतो?

या प्रश्नाला बगल देण्याची एक सोयीची वाट १९७२ च्या सुमारासच तयार झाली. मुंबईचे तत्कालीन कोरोनर आर. एम. मलकानी यांच्यावर एका डॉक्टरकडे लाच मागितल्याचा आरोप होता. डॉक्टरच्या संमतीने त्याच्या दूरध्वनीला ध्वनिमुद्रण यंत्र जोडून पोलिसांनी संभाषण टिपले. सर्वोच्च न्यायालयाने तो पुरावा ग्राह्य धरला आणि निरपराध नागरिकाच्या संभाषणाला न्यायालये संरक्षण देतील, अपराध्याला या संरक्षणाचा आधार घेता येणार नाही, अशा आशयाचा विचार मांडला. एक पक्ष राजी असताना केलेल्या त्या मुद्रणापुरता हा न्याय चालून जाईल. पण चोरून ऐकण्याच्या बाबतीत तो उलट्या पायांनी चालतो. यंत्र जोडण्याच्या घटकेला माणूस अपराधी की निरपराध हे कोणालाच ठाऊक नसते. ते ठरविण्यासाठीच तर ऐकणे सुरू होते. शिवाय ज्याच्यावर संशय आहे तो एकटा बोलत नसतो. त्याची पत्नी, त्याचा वकील, त्याचा डॉक्टर, उधारी मागणारा वाणी या सर्वांचे बोलणे त्याच यंत्रात जमा होते. ‘ज्याला लपविण्यासारखे काही नाही त्याला भिण्याचे कारण काय’ असे म्हणणारी मंडळी आजही भेटतात. त्यांनी आपल्या घरातील दहा मिनिटांचे संभाषण चावडीवर वाचून दाखविण्यास संमती द्यावी, म्हणजे त्यांच्या म्हणण्यावर विचार करता येईल.

१९९६ चा निकाल पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेच्या याचिकेवरचा. त्यामागे राजकीय पुढाऱ्यांचे दूरध्वनी ऐकल्याबद्दलचा केंद्रीय अन्वेषण विभागाचा अहवाल होता. कायदा एकशे अकरा वर्षे जुना झाला तरी त्याखाली योग्य कार्यपद्धतीचे नियमच सरकारने केलेले नव्हते, ही गोष्ट त्यावेळी उघडी पडली. न्यायालयाने मग स्वतःच बंधने घातली. आदेश केंद्राच्या वा राज्याच्या गृहसचिवाने काढावा, तो दोन महिने चालावा, कोणत्याही परिस्थितीत सहा महिन्यांपलीकडे जाऊ नये आणि एका पुनर्विलोकन समितीने तो तपासावा. ही चौकट २००७ मध्ये नियमात आली. मात्र आदेशापूर्वी न्यायाधीशाची संमती घ्यावी, ही याचिकादारांची मागणी, कायद्यात तशी तरतूद नाही म्हणून न्यायालयाने मान्य केली नाही. सगळ्या दुखण्याचे मूळ येथे आहे. केंद्रातील समितीचे अध्यक्ष मंत्रिमंडळ सचिव, राज्यातील समितीचे अध्यक्ष मुख्य सचिव, आणि सोबतीला विधी व अन्य खात्यांचे सचिव. एका सचिवाने आदेश काढावयाचा आणि त्याच्याच पंगतीला बसणाऱ्या तीन सचिवांनी तो योग्य की अयोग्य ते ठरवावयाचे. घरच्याच माणसाने घरच्या ताकाची चव सांगावी, तसा हा प्रकार आहे.

बरे, ही चव तरी घेतली जाते काय? न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१८ मध्ये विदासंरक्षणावरील आपल्या अहवालात या व्यवस्थेचे गणित मांडले. माहितीच्या अधिकारात मिळालेल्या आकड्यांनुसार केंद्र सरकार दरमहा ७,५०० ते ९,००० आदेश काढीत होते. समितीची बैठक दोन महिन्यांतून एकदा. म्हणजे एकेका बैठकीपुढे १५,००० ते १८,००० आदेश! तिन्ही सचिव दिवसभर आठ तास जागचे न हलता बसले तरी मिनिटाला तीसहून अधिक आदेशांचा निकाल त्यांना लावावा लागेल. एवढ्या वेळात आदेशावरील नाव वाचून होणेही कठीण. कारणे पारखण्याची गोष्ट तर दूरच. हे कोणा आंदोलकाने काढलेले वाभाडे नव्हेत. ज्यांनी मुंबई उच्च न्यायालयात आणि नंतर सर्वोच्च न्यायालयात न्यायदान केले, १९९२-९३ च्या मुंबई दंगलींची चौकशी केली, त्या न्यायमूर्तींच्या समितीचे हे निदान आहे. सरकारनेच नेमलेल्या समितीचे ते आहे हेही विसरता येत नाही.

अशी सैल व्यवस्था राजकारण्यांच्या हाती पडली की काय होते, याचे दाखले शोधावयास लांब जावे लागत नाही. कर्नाटकचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांना १९८८ मध्ये दूरध्वनी चोरून ऐकण्याच्या प्रकरणावरूनच पायउतार व्हावे लागले. त्यांनी राजीनामा तरी दिला. तो काळच वेगळा होता, असे म्हणावयाचे. महाराष्ट्रात २०२१-२२ मध्ये राजकीय नेत्यांचे दूरध्वनी भलत्याच नावांखाली मंजुरी मिळवून ऐकल्याचा आरोप झाला, गुन्हे नोंदले गेले. मधल्या काळात सत्तांतर झाले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते गुन्हे रद्द केले. आरोप खरे होते की खोटे, यापेक्षा नागरिकाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की, अर्जावरील नाव आणि क्रमांक एकाच माणसाचे आहेत काय, ही साधी पडताळणी मंजुरी देणाऱ्याच्या टेबलावर होते की नाही याचे खात्रीलायक उत्तर त्या सर्व गदारोळातून मिळाले नाही. एका सरकारने गुन्हा नोंदवावा, दुसऱ्याच्या काळात तो विरून जावा आणि यंत्रणा मात्र जशीच्या तशी राहावी, हा शिरस्ता कोणत्याच पक्षाला गैरसोयीचा नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये संसदेने नवा दूरसंचार कायदा संमत केला, तेव्हा हे सारे नीट करण्याची संधी होती. मध्यंतरी, ऑगस्ट २०१७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमुखाने जाहीर केले होते. तरीही नव्या कायद्याच्या विसाव्या कलमात १८८५ चीच शब्दकळा उतरली. डिसेंबर २०२४ च्या नियमांत एक सुधारणा आहे, ती मान्य केली पाहिजे: तातडीने दिलेल्या आदेशाला सात कामकाजाच्या दिवसांत रीतसर मंजुरी न मिळाल्यास ऐकलेला मजकूर पुरावा म्हणूनही वापरता येणार नाही. पण सचिवांनी सचिवांना तपासण्याची पद्धत कायम आहे. टपालाचीही तीच कथा. टपाल उघडून पाहण्याचे व्यापक अधिकार देणारे विधेयक १९८६ मध्ये संसदेने संमत केले, तेव्हा राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही आणि ते लटकत राहिले. २०२३ च्या टपाल कायद्यात असे अधिकार पुन्हा आले. या वेळी कोणाची लेखणी अडखळली नाही.

न्यायाधीशाची संमती घेण्यात वेळ जाईल आणि तेवढ्यात गुन्हेगार निसटेल, हा सरकारी बाजूचा ठरलेला युक्तिवाद. परंतु तातडीच्या प्रसंगी आधी ऐकावे आणि ठरावीक मुदतीत मंजुरी घ्यावी, ही सवलत आजच्या नियमांत आहेच. मंजुरी सचिवाऐवजी न्यायाधीशाची असली तर तिने काय बिघडणार? ब्रिटनच्या २०१६ च्या कायद्यानुसार मंत्र्याने काढलेल्या आदेशाला न्यायिक आयुक्ताची मान्यता लागते. तो देश दहशतवादापासून काही मुक्त नाही. अमेरिकेत गुन्ह्यांच्या तपासासाठी दूरध्वनी ऐकावयाचा तर १९६८ पासून न्यायाधीशाचाच आदेश लागतो. न्यायाधीशांची संमती म्हणजे रामबाण नव्हे. त्याच अमेरिकेत राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाखाली गुप्त न्यायालयाच्या आडोशाने काय चालले होते, ते २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेनने जगाला दाखविले. तरीही कारणे लेखी द्यावी लागणे, आणि ती आपल्या खात्याबाहेरच्या माणसापुढे ठेवावी लागणे, यानेच पुष्कळसे आदेश निघण्यापूर्वीच गळून पडतील. यात पोलिसांचाही लाभ आहे. मुंबई आणि मद्रासच्या निकालांनी तपासाची वर्षे वाया गेली, ती आदेश देणाऱ्याने कायद्याच्या दोन शब्दांकडे डोळेझाक केल्यामुळे. न्यायाधीशाने आरंभीच अडविले असते तर तपासाला दुसरी वाट धरता आली असती.

दुसरा दोष याहून खोल आहे. आपला दूरध्वनी ऐकला गेला हे नागरिकाला कधीच कळत नाही. मुंबईतील त्या व्यावसायिकाला ते कळले, कारण खटल्यात ध्वनिमुद्रणे पुढे आली. ज्यांच्यावर खटलाच झाला नाही, ज्यांच्या बोलण्यात आक्षेपार्ह काहीच सापडले नाही, म्हणजेच जे निरपराध होते, त्यांना मात्र दाद मागण्याची वाट नाही. झालेला अन्याय ठाऊक नसेल तर तक्रार कसली करणार? उपरोल्लेखित अमेरिकी कायद्यात ऐकणे संपल्यावर सामान्यतः नव्वद दिवसांत संबंधिताला कळवावे लागते. आपल्याकडे तपासाला बाध येईल तोवर हे लांबणीवर टाकण्याची मुभा खुशाल ठेवावी. पण कायमचे मौन कोणत्या सुरक्षिततेसाठी? आता तर तारेला कान लावण्याचीही गरज उरलेली नाही. पेगॅसससारखी हेरगिरीची आज्ञावली सबंध भ्रमणध्वनीच ताब्यात घेते. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने २९ भ्रमणध्वनी तपासले आणि पाचांत घातक आज्ञावली आढळली. ती पेगॅससच होती असे मात्र सिद्ध झाले नाही. या चौकशीत सरकारने सहकार्य केले नाही, हे सरन्यायाधीशांनी ऑगस्ट २०२२ मध्ये भर न्यायालयात सांगितले.

सरकारला परदेशी कायद्यांचे वावडे असेल तर घरातलाच एक नमुना हाताशी आहे. महाराष्ट्राच्या १९९९ च्या संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्यावर कठोरपणाची टीका नेहमी होते आणि तीत तथ्यही आहे. परंतु टोळीयुद्धांच्या धामधुमीत केलेल्या त्या कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमात संभाषणे ऐकण्याविषयी वार्षिक अहवाल तयार करून विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवण्याचे बंधन सरकारवर आहे. अर्ज किती आले, किती मंजूर झाले, किती नाकारले, तातडीच्या सबबीखाली किती वेळा ऐकले आणि त्यातून खटले किती उभे राहिले, हा सारा हिशेब त्यात द्यावयाचा असतो. सुरक्षिततेला बाध येईल तो भाग वगळण्याची सोयही त्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये या कायद्यातील संभाषणे ऐकण्याच्या तरतुदी वैध ठरविल्या. दाऊदच्या टोळीशी झुंजणाऱ्या राज्याला जो हिशेब देणे परवडले, तो केंद्र सरकारला न परवडण्यासारखे काय आहे? दूरसंचार कायद्यात असे एक कलम घालण्यास संसदेचे एक अधिवेशनही लागणार नाही; आणि न्यायाधीशाच्या पूर्वसंमतीचे दुसरे कलम त्याच विधेयकातून आणता येईल.