परक्या भाषेच्या उंबरठ्यावर

वैभववाडीहून निघालेली एस.टी. करूळचा घाट चढून गगनबावड्यास पोहोचली, की वाऱ्याबरोबर माणसांचे बोलणेही बदलते. घाटाखाली ‘माका’ आणि ‘खंय’ म्हणत वाढलेला मुलगा कोल्हापूरच्या बाजारात उभा राहिला, म्हणजे क्षणभर गोंधळतो. दोहोंकडे भाषा मराठीच. तरी आपल्या बोलण्याला कोणी हसेल की काय, ही शंका त्याच्या मनास चाटून जाते. एक घाट ओलांडल्यावर जर ही स्थिती, तर समुद्र ओलांडून गेलेल्या विद्यार्थ्याची काय स्थिती होत असेल, याचा विचार विद्यार्थ्यांनी अवश्य करावा.

समजा, हाच मुलगा मोठा झाला आणि स्पेनमधील सालामांका येथे शिकावयास गेला. तेथील विद्यापीठ १२१८ सालचे. जाण्यापूर्वी त्याने स्पॅनिशचे व्याकरण पाठ केले आहे, परीक्षेत गुणही चांगले मिळविले आहेत. पण पहिल्याच सकाळी पावाच्या दुकानातील बाई भरभर काही विचारते आणि त्याला एक शब्दही उमगत नाही. पुस्तकातील वाक्ये सावकाश चालत होती. ही वाक्ये धावत आहेत. दुपारी तो काही घ्यावयास निघतो, तो अनेक दुकाने बंद. रात्री सातला भूक लागते, पण तेथील लोक नऊ-दहा वाजता जेवतात. वर्गात उत्तर ठाऊक असते. परंतु मनात वाक्य जुळवून तोंड उघडेपर्यंत चर्चा पुढे गेलेली असते. गावी चुरचुरीत बोलणारा हा मुलगा तेथे मुका होतो. लोकांना त्याची बुद्धी दिसत नाही. दिसते ते केवळ त्याचे अडखळणे.

खरा धोका येथेच आहे. चूक होईल आणि लोक हसतील, या भयाने तो बोलणेच सोडतो. खोलीचे दार लावून घरच्यांशी दूरध्वनीवर बोलत बसतो आणि आपल्याकडील चार मुले सापडली, की त्यांच्याच घोळक्यात राहतो. घरची आठवण येणे स्वाभाविक आहे आणि स्वभाषेत मन मोकळे करण्यात दोषही नाही. पण विसाव्याची जागा हाच मुक्काम ठरला, तर देश पाहूनही तो देश न पाहिल्यासारखाच होतो.

माझ्या मते यावर उपाय एकच. आपण पुन्हा लहान मूल व्हावयास तयार असले पाहिजे. लहान मूल चुकीचे बोलते, सर्व हसतात, तेही हसते आणि पुन्हा बोलते. म्हणूनच त्याला भाषा येते. मोठ्या माणसाला ती येत नाही, याचे कारण बहुधा बुद्धी कमी असते हे नसून मान अधिक असतो, हे होय.

या बाबतीत वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे यांचे चरित्र लक्षात ठेवण्याजोगे आहे. १८८४ साली जन्मलेले खानखोजे देशाच्या स्वातंत्र्यासाठी घर सोडून बाहेर पडले. अमेरिकेत त्यांनी शेतकीचे शिक्षण घेतले आणि गदर चळवळीत भाग घेतला. पुढे १९२४ च्या सुमारास ते मेक्सिकोत गेले. तेव्हा त्यांचे वय चाळीस वर्षांचे होते. चाळिशीत माणसाला नव्या भाषेची मुळाक्षरे गिरविणे जिवावर येते. परंतु खानखोजे त्याच स्पॅनिशमधून चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले. मक्याच्या सुधारित वाणांवर त्यांनी संशोधन केले, ते स्पॅनिशमध्ये लिहून प्रसिद्ध केले आणि शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा चालविल्या. दिएगो रिवेरा या विख्यात चित्रकाराने आपल्या भित्तिचित्रात त्यांना स्थान दिले. वर्ध्याचा हा पुत्र मेक्सिकोच्या शेतकऱ्याला आपला वाटला, याचे कारण तो त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलला. १९५५ साली ते मायदेशी परतले आणि १९६७ साली नागपूर येथे निवर्तले.

कोणी म्हणेल, “इंग्रजी येत असली म्हणजे पुरे, आणखी एका भाषेचा खटाटोप कशाला?” इंग्रजीने विमानतळावरचे काम भागेल, पुस्तकेही वाचता येतील. पण शेजारची आजारी म्हातारी काय म्हणते, हे इंग्रजी सांगणार नाही. स्पॅनिश ही सुमारे वीस देशांची भाषा आहे. तिच्यातून बोलणाऱ्या माणसांच्या घरात शिरावयाचे, तर दार त्याच भाषेने ठोठावले पाहिजे.

शिवाय मराठी मुलाने भिण्याचे कारणही नाही, कारण त्याची शिदोरी त्याच्याजवळच आहे. स्पॅनिशमधील ‘त’ आणि ‘द’ आपल्या त-द सारखेच दातांना जीभ लावून उच्चारतात. तेथे मेज स्त्रीलिंगी आणि पुस्तक पुल्लिंगी, हे ऐकून इंग्रज मुलगा गोंधळेल. आपल्याकडे तर तीन लिंगे! जवळच्या माणसाला स्पॅनिश लोक ‘तू’ म्हणतात. हा शब्दही तोच आणि अर्थही तोच, कारण दोन्ही भाषा एकाच प्राचीन कुळातल्या. अपरिचितांसाठी व वडीलधाऱ्यांसाठी मात्र त्यांच्याकडे ‘उस्तेद’ हा आदरार्थी शब्द आहे. तेथील संत्रे म्हणजे ‘नारांखा’. आपल्या ‘नारिंगा’चाच तो दूरचा भाऊ. साखरेला ते ‘आसुकार’ म्हणतात. हे दोन्ही शब्द पूर्वेकडून फारसी आणि अरबी लोकांच्या मुखांतून प्रवास करीत तेथवर पोहोचले. उलट कोकणच्या डोंगरउतारावर मोहरणारा काजू पोर्तुगीजांनी अमेरिका खंडातून येथे आणला. शब्दांनी आणि झाडांनी समुद्र ओलांडून परक्या मातीत मूळ धरले. मग माणसालाच ते का साधू नये?

आता एक गोष्ट आपल्या घरची. परदेशी जाण्याचा योग प्रत्येकाला येईलच असे नाही. पण परदेशी आलेला विद्यार्थी आपल्यातील अनेकांच्या वर्गात आज बसलेला आहे. कोकणातील आंब्याच्या बागांत राखणीसाठी नेपाळहून कुटुंबे येतात. त्यांची मुले आपल्या शाळेत आली, की त्यांना मराठीचा एकही शब्द ठाऊक नसतो. सालामांकाच्या दुकानात गोंधळलेला तो मुलगा आणि शेवटच्या बाकावर गप्प बसलेले हे मूल यांत काय अंतर आहे? त्याच्या पहिल्या चुकीला वर्ग हसला, तर ते कदाचित वर्षभर बोलणार नाही. कोणी शेजारी बसून चार शब्द शिकविले आणि त्याच्या भाषेतील दोन विचारून घेतले, तर महिन्याभरात ते मैदानावर आपल्या बरोबरीने ओरडू लागेल.

परक्या देशातील पहिले दिवस कठीण असतात ते वाटेच्या लांबीमुळे नव्हे, तर एकटेपणामुळे. हा एकटेपणा दूर करण्याचे निम्मे काम पाहुण्याचे आहे. त्याने लाज सोडून बोलावे. उरलेले निम्मे यजमानाचे आहे. त्याने हसू आवरून ऐकावे. यांतील पहिले काम करण्याचा प्रसंग आपल्यावर पुढे केव्हातरी येईल. दुसरे मात्र उद्या शाळेची घंटा झाली, की लगेच करता येण्यासारखे आहे.